नुसा पेनिदावर जागा घ्यायची म्हणताय? आधी हे वाचा

बालीच्या सानूर बंदरातून फास्ट बोटीत बसलात की पाऊण तासाच्या आत नुसा पेनिदाला उतरता. दिवसाचे पर्यटक केलिंगकिंगच्या कड्यावर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात. जाताना त्यातला एखादा हमखास म्हणतो, "इथे एक तुकडा घेऊन ठेवायला काय हरकत आहे?" आम्ही त्यातलेच. २०१८ साली चिपळूणहून सहलीला आलो, २०१९ मध्ये पूर्व किनाऱ्याकडच्या एका गावात चार आर जागा पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. मध्ये एक विसार बुडवला. हल्ली महिन्यातून एकदा तरी कुणाचा फोन येतो, "तिकडे जागा मिळते का हो?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

एक आधीच सांगते. जमिनीचा कायदा अख्ख्या इंडोनेशियाला एकच आहे, पण गावकीच्या चालीरीती बेटागणिक बदलतात. इथे लिहिलेलं गावकीचं प्रकरण बालीच्या हिंदू गावांचं आहे. लोंबोक किंवा फ्लोरेसला जाणार असाल तर तेवढा भाग तिथल्या माणसांना विचारा.

१. 'विकत' हा शब्द डोक्यातून काढा

इंडोनेशियात पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात आणि १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे ती फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला मिळत नाही, कितीही पैसे असले तरी.

दलाल यावर एक तोडगा सांगेल. "इथल्या माणसाच्या नावावर घ्या, बाजूला एक करार करून ठेवू, सगळे असंच करतात." याला आपल्याकडे सरळ बेनामी म्हणतात. त्याच कायद्याचं २६ वं कलम वाचून घ्या: आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी गेली तर तो व्यवहारच रद्द, जमीन सरकारजमा, आणि मालकाला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. बनावट शेतकरी दाखल्यावर कोकणात जमिनी घेणाऱ्यांची जी धाकधूक असते, तीच इथे जन्मभर बाळगायची. कशाला?

मग उरतं काय? 'हाक पाकाई', म्हणजे वापरण्याचा हक्क: ३० वर्षं, वाढवून आणखी २०, नूतनीकरण करून आणखी ३०. पण त्याला इथला राहण्याचा परवाना लागतो आणि घराला किमान किमतीची अट असते. खेड्यातलं साधं घर त्यात बसत नाही. 'हाक गुना बांगुनान' हा बांधकामाचा हक्क परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला मिळतो, पण अशा कंपनीला जमीन आणि इमारत सोडून १० मिलियार, म्हणजे हजार कोटी रुपियांहून (रुपिया हे इथलं चलन) जास्त गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. जाहिरातीत 'परदेशी लोकांसाठी फ्रीहोल्ड' लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा आत हेच असतं.

आपल्यासारख्यांसाठी खरा मार्ग 'हाक सेवा'. या 'सेवा'चा अर्थ भाडं, त्यामुळे पहिले काही दिवस पाट्या वाचताना गंमत वाटते. हा आपला भाडेपट्टा, साधारण २५ ते ३० वर्षांचा. सगळे पैसे एकदम आधी द्यायचे.

२. आकड्यांची भाषा शिकून घ्या

इथे जमीन 'आर'मध्ये बोलतात. सातबाऱ्यावर हेक्टरच्या शेजारी जो आर असतो, तोच. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा भरतो १०१ च्या थोडा वर. म्हणजे मनात गुंठा धरून बसलात तरी चालतं, ही आपली मोठी सोय आहे. 

आपण गोंधळतो पुढे. 'जुता' म्हणजे दहा लाख, 'मिलियार' म्हणजे शंभर कोटी. टिंब आणि स्वल्पविराम इथे उलटे: १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५ म्हणजे दीड. आणि सर्वांत महत्त्वाचं, भाडेपट्ट्याचा भाव 'एका आरला, एका वर्षाला' असा सांगतात. दलाल म्हणाला "फक्त दहा जुता", तर त्याला चार आरने आणि पंचवीस वर्षांनी गुणा. हजार जुता होतात, म्हणजे एक मिलियार. फोनवर हा गुणाकार सांगितला की निम्मे लोक "बरं, नंतर बोलू" म्हणतात.

३. जागा बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये

हे बेट चुनखडीचं आहे. पाऊस पडतो तो दगडातून खाली निघून जातो. बालीसारखी हिरवी भातशेती इथे नाही. जुनी माणसं मका आणि कसावा खाऊन राहिली, अजूनही 'लेदोक' नावाची मक्या-कसाव्याची दाट खीरवजा भाजी घरोघरी होते. फेब्रुवारीत आलात तर सगळं हिरवंगार आणि तुम्ही गहिवरून विसार देऊन मोकळे. कोरड्या हंगामाच्या शेवटी या आणि शेजारच्या घरात जाऊन विचारा, पाणी कुठून येतं?

उत्तरं तीन प्रकारची येतात. नळ आहे (मग विचारा, दिवसाआड की आठवड्याने?), टँकर, किंवा 'चुबांग'. चुबांग म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं, या बेटाची जुनी युक्ती. आमच्या जागेत पडकं चुबांग होतं. दलालाने ते 'अडगळ, बुजवून टाकू' म्हणून दाखवलं. गवंड्याने आत उतरून काठीने भिंत ठोकली, कान लावला आणि वर न बघताच म्हणाला, "बागुस." म्हणजे चांगलं आहे. डागडुजी करून घेतली. त्याच्यावर आमचे कोरड्यातले महिने निघतात.

बाकी बघायच्या गोष्टी भराभर सांगते. रस्ता कुणाच्या जागेतून येतो? तुमच्या नकाशात पाणंद नसेल तर 'शेजारी जाऊ देतो' याला अर्थ नाही. समुद्र जवळ असेल तर भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून १०० मीटर सोडायचे असतात. कडा असेल तर त्याचंही अंतर असतं. देऊळ जवळ असेल तर त्याच्या पवित्र परिघात काय चालतं ते वेगळं विचारायचं. जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते जिल्ह्याच्या नियोजन खात्याकडून लेखी घ्या. गावात बाकीच्यांनी बांधलंय, हा पुरावा नाही. याच बेटावर केलिंगकिंगच्या कड्याला लावलेली काचेची लिफ्ट पाडायचा आदेश बालीच्या गव्हर्नरांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, तोही बरंचसं काम उभं राहिल्यावर.

४. जागेचा सातबारा कोणता?

'सर्तिफिकात'. हे राष्ट्रीय जमीन कार्यालय देतं. त्याला सगळे 'बेपेएन' म्हणतात. त्यावर मालकाचं नाव, क्षेत्र आणि मोजणीचा नकाशा असतो. मूळ प्रत मागा, झेरॉक्सवर बोलू नका. हल्ली सर्तिफिकात इलेक्ट्रॉनिकही निघतात. ती खरी आहे का, गहाण आहे का, वाद आहे का, याची तपासणी नोतारिसकडून (दस्त लिहिणारा सरकारने नेमलेला माणूस, पुढे सांगते) बेपेएनमध्ये करून घ्या.

गावात मात्र अनेकदा सर्तिफिकात नसतेच. समोर येतो 'पिपिल', जुना कराचा कागद, नाहीतर 'पेबेबे'ची यंदाची पावती. पेबेबे म्हणजे जमीन-घराचा कर. आपल्याकडे घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे जसं तलाठ्याने शंभरदा सांगितलेलं असतं, तसंच इथेही. सर्तिफिकात नसेल तर मालकाला ती आधी काढायला सांगा आणि तोवर थांबा. वेळ लागेल. लागू दे.

आणखी एक जात आहे: देसा अदातची, म्हणजे गावकीची जमीन. २०१७ पासून बालीतल्या या गावकीच्या नावावरही सर्तिफिकात होऊ लागली आहेत. त्यावर राहणारं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलं तरी जमीन त्यांची नसते. त्या बदल्यात ते देवळाची आणि गावाची कामं करतात. देवस्थानची जमीन कसणारा आपल्याला जमीन 'विकतो' म्हणाला तर आपण जे करू, तेच करा. नमस्कार करून पुढे जा.

५. काका तपासा, आणि काकांनाही

इथल्या कुटुंबाच्या कार्डाला 'कार्तू केलुआर्गा' म्हणतात, आद्याक्षरं 'का-का'. ओळखपत्र ते 'का-ते-पे'. दोन्ही मागायचे. पण कागदावरच्या काकापेक्षा घरातले काका जास्त महत्त्वाचे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

पहिली जागा आम्हाला एका भल्या माणसाने दाखवली. कागद ठीक वाटले, चहा झाला, आणि आम्ही २० जुता विसार दिला, तेव्हाचे साधारण लाखभर रुपये. तीन आठवड्यांनी देनपासारला नोकरी करणारे त्यांचे धाकटे भाऊ बोटीने आले. जमीन वडिलांच्या नावावर होती, वाटप झालेलंच नव्हतं, आणि या भावाला कुणी विचारलंच नव्हतं. तो ओरडला नाही. ओट्यावर बसला, आम्हाला कॉफी दिली आणि शांतपणे 'नाही' म्हणाला. विसार तोवर घरच्या देव्हाऱ्याच्या छपरात गेला होता. देवाच्या छपराचे पत्रे उतरवायला कोण सांगणार? आम्ही उठलो.

आपल्याकडच्या सामाईक जमिनीसारखंच आहे हे सगळं, पण परक्या देशात आपली ती अक्कल गहाण पडते. म्हणून यादीच देते. सहीच्या आधी समोर हवं:

- मालकाचं का-ते-पे आणि का-का, मूळ आणि प्रत
- नवरा-बायको दोघांची सही, लग्नाच्या दाखल्यासह
- नावावरचा माणूस हयात नसेल तर वारसांचा दाखला, आणि त्यातल्या प्रत्येकाची सही
- सर्तिफिकात मूळ, पेबेबेची शेवटची भरलेली पावती
- हद्दीचे दगड दाखवताना चारही बाजूंचे शेजारी हजर
- पेरबेकेल (सरकारी सरपंच) आणि केलियान बंजार (वाडीचा प्रमुख) यांचं पत्र

बालीत वारसा मुलांकडून चालतो आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हक्क परंपरेने धरत नाहीत. तरी तिचीही सही घ्या. एक सही जास्त झाल्याने कुणाचं बिघडलेलं मी पाहिलं नाही.

नावांचं एक वेगळंच. बालीत पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, पाचव्यापासून पुन्हा वायान. आमच्या वाडीत 'पाक वायान' अशी हाक मारली तर पाच जण वळतात. म्हणून पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर, ओळखपत्रावर आणि सर्तिफिकातवर जुळतंय का बघा. आमच्या मालकांच्या नावात एका कागदावर एक अक्षर जास्त होतं. तेवढ्यासाठी 'दोन्ही माणसं एकच' असं पत्र आणायला पंधरा दिवस गेले.

६. बंजारला भेटा, सहीच्या आधी

बंजार म्हणजे वाडी, आणि वाडीची सभा. तिचं स्वतःचं सभागृह असतं, तिथे कुलकुल नावाचा लाकडी नगारा टांगलेला असतो, आणि तिच्या लेखी नियमांना 'आविग-आविग' म्हणतात. जागेचा मालक कुणीही असो, लग्न, मर्तिक, रस्ता, आवाज, कचरा, सगळं बंजारच्या हातात. या एकमेकांच्या उपयोगी पडण्याला ते 'सुका दुका' म्हणतात. अर्थ सांगायची गरज नाही.

बाहेरून आलेल्याने ठरलेली वर्गणी द्यायची असते. आधीच विचारा: किती, महिन्याला की वर्षाला, बांधकामासाठी वेगळी किती. पावती घ्या. भेटीला जाताना पुरुषांनी सारोंग आणि कमरेला शेला बांधावा. आम्ही पहिल्यांदा जीन्समध्ये गेलो, कुणी काही म्हटलं नाही, पण एका आजींनी आतून दोन सारोंग आणून मुकाट्याने पुढे ठेवले.

माझं मत विचाराल तर दस्तातल्या कुठल्याही कलमापेक्षा ही पायरी मोठी आहे. २०२० मध्ये पर्यटक थांबले, हॉटेलातली पोरं परत समुद्रातल्या शेवाळाच्या शेतीला लागली, आणि आमच्याकडे येणारी कमाई बंद झाली. त्या महिन्यांत आमच्या दारात शेवग्याचा पाला आणि मासे कोण ठेवून जायचं, हे आम्हाला आजही नक्की ठाऊक नाही.

७. दस्त

भाडेपट्टा नोतारिससमोरच करा. हा आपला नोटरी नव्हे. सरकारने नेमलेला, दस्त स्वतः लिहिणारा आणि साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. फीला कायद्याने कमाल मर्यादा आहे: व्यवहार १०० जुता ते १ मिलियारपर्यंत असेल तर दीड टक्का, त्यावर एक टक्का. दलालाने सुचवलेला नोतारिस टाळा, स्वतः शोधा.

दस्त इंडोनेशियन भाषेतच असतो. शपथेवर नेमलेल्या भाषांतरकाराकडून इंग्रजी प्रत करून घ्या आणि ती सहीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी वाचा. कलमं बघायची ती ही. मालक वारला तर वारसांवर दस्त बंधनकारक. तुम्ही वारलात तर तुमच्या वारसांना हक्क. मालकाने जमीन विकली तरी भाडेपट्टा चालू. पोटभाड्याने द्यायची मुभा. रस्ता आणि पाणी. आणि मुदतवाढ. मुदतवाढीपुढे 'बाजारभावाने' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कलम नसल्यात जमा. भाव ठरवायची रीत लिहून घ्या. भाड्यावर मालकाला १० टक्के कर लागतो. तो कोण भरणार हे लिहिलेलं नसेल तर शेवटी तुमच्याकडेच बघतात.

सहीच्या दिवशी दहा हजार रुपियांचा 'मेतेराय' म्हणजे रेव्हेन्यू स्टँप लावून त्याच्यावरून सही करायची. आमच्या मालकांच्या आईंना लिहिता येत नव्हतं. नोतारिसने पूर्ण दस्त वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चाफ्याचं झाड तोडणार का?" मग तेही दस्तात घातलं, झाड राहील म्हणून. तेव्हा कुठे अंगठा उमटला.

८. पैसे आणि व्हिसा

भारतात राहत असाल तर बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, हिशेबात धरा. विवरणपत्रात शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) ही जागा दाखवायला विसरू नका, तिथली नोंद कॅलेंडर वर्षाप्रमाणे असते. हवाला, ओळखीचा सोनार, 'तिकडे देतो इकडे घ्या' असलं काही नको.

भाडेपट्टा असला म्हणजे राहायचा हक्क मिळाला, असं नाही. आल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, एकदाच ३० दिवस वाढणारा. त्याहून जास्त राहायला 'किटास', म्हणजे मुदतीचा राहण्याचा परवाना, लागतो. माझ्या नवऱ्याचा नोकरीचा आहे, माझा त्याच्या आधाराने. पर्यटक व्हिसावर घराच्या खोल्या भाड्याने देऊन कमाई करू नका. त्यासाठी परत पाठवलेले लोक आहेत.

९. बांधकाम

परवान्याला आता 'पेबेगे' म्हणतात, २०२१ मध्ये जुना परवाना जाऊन तो आला. कुणी अजून जुन्या नावाने सांगत असेल तर त्याची माहितीही तेवढीच जुनी. सिमेंट, सळई, फरशी सगळं बालीहून बोटीने येतं, भाडं धरा. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळला की बोटी थांबतात.

आणि मुहूर्त. कुदळ मारण्याआधी 'ङेरुआक', राहायला जाण्याआधी 'मलास्पास'. भूमिपूजन आणि वास्तुशांत म्हणा. गवंडी त्याशिवाय हात लावत नाहीत, खर्च तुमचा. गालुंगान दर २१० दिवसांनी येतो आणि दहा दिवसांनी कुनिंगान. तेवढे दिवस काम बंद, हे कंत्राटात आधीच वजा करा. न्येपीला अख्खी बाली दिवसभर गप्प बसते, दिवे नाहीत, घराबाहेर पाऊल नाही, विमानतळही बंद. आमच्या बेटाला त्यावर आणखी एक आहे, बाली पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेनंतरची समुद्राची न्येपी. त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नाही. आमच्या फरश्या नेमक्या त्याच दिवशी बालीतल्या पादांग बाई बंदराच्या धक्क्यावर पडून होत्या आणि मी कंत्राटदाराला फोनवर फोन करत होते. त्याने उचललाच नाही, बरोबरच होतं.

१०. राहायला आल्यावर

विजेचा मीटर आगाऊ पैशांचा असतो. दुकानातून किंवा मोबाइलवर टोकन घ्यायचं, वीस आकडे येतात, ते मीटरवर एकेक करून दाबायचे. संपत आलं की मीटर टिटवीसारखा ओरडतो आणि सगळ्या वाडीला कळतं. गॅसचं छोटं हिरवं तीन किलोचं सिलिंडर 'मेलोन' अनुदानाचं असतं, ते आपल्यासाठी नाही, मोठं घ्या. बेटावर सरकारी रुग्णालय आहे, पण मोठ्या आजाराला बोट पकडायची तयारी ठेवा. औषधं महिन्याची भरून ठेवा. देनपासारला भारताचं वाणिज्य दूतावास आहे, तिथे नोंद करून ठेवा.

शेवटची गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहा: भाडेपट्टा कधी संपतो. आमचा २०४४ ला संपेल आणि घर जमिनीसकट मालकांच्या कुटुंबाकडे जाईल, दस्तात तसंच आहे. मालकांचा मुलगा सहीच्या दिवशी सहा वर्षांचा होता, नोतारिसच्या टेबलाखाली गोट्या खेळत बसला होता. आता रविवारी आमच्याकडे कॅरम खेळायला येतो. मुदतवाढीचं बोलणं त्याच्याशीच व्हायचंय, आणि तो राणीला कव्हर घालायला आत्ताच शिकलाय.